ग्वाल्हेरच्या मुलांना 'बालभारती' का चालत नाही?

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आम्ही मंडळी प्रथम संविधान उघडतो. कलम २९, ३०, ३४७, ३५०-अ, ३५०-ब ही आमच्या जिभेवर असतात आणि ती असायलाच हवीत. इतक्या वर्षांच्या लढ्यात तीच आमची ढाल राहिली आहे. परंतु एका प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कलमात सापडत नाही. परवानगी मिळाली, खोली मिळाली, मुले आली, शिक्षकही फळ्यासमोर उभा राहिला. आता त्याने शिकवायचे काय, कोणत्या क्रमाने, आणि किती तासांत? अभ्यासक्रमाचा हा प्रश्न चळवळीने आजवर 'तो शिक्षकांचा प्रांत' म्हणून बाजूला ठेवला. तो बाजूला ठेवल्याने काय होते, हे पाहायचे असेल तर सीमेपासून पुष्कळ दूर असलेल्या ग्वाल्हेरकडे पाहावे लागेल.

ग्वाल्हेरला मराठी पोटासाठी गेली नाही, राज्य करण्यासाठी गेली. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास उज्जैनहून आपला तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी हलविला, आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. त्या शहराचे नाव आजही लष्कर असेच आहे. तेथील वस्त्यांच्या नावांत शिंदे की छावनी आहे, चिटणीस की गोठ आहे, निंबाळकर की गोठ आहे. आपल्याकडे 'गोट' म्हणजे सरदाराचा तळ. तोच शब्द तेथे हिंदी उच्चाराने पत्त्यात राहिला असावा. शिंद्यांच्या आश्रयाने वाढलेली ख्यालगायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी याच शहरात आत्मसात केली आणि महाराष्ट्रात आणली. भा. रा. तांबे ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी. १९४१ मध्ये त्यांचे निधनही तेथेच झाले. १९६१ मध्ये मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने संमेलनाला पहिल्या स्त्री अध्यक्ष मिळाल्या.

इतके वैभव असलेली भाषा त्या शहरात सुरक्षित असेल, असे कोणालाही वाटावे. परंतु तेथे मराठी वाड्यात होती, दरबारात होती, देवघरात होती. बाजारात ती कधीच नव्हती. बेळगाव, निपाणी, खानापूर येथे मराठी मूल घराबाहेर पडले तरी भाजीवाली, रिक्षावाला, गल्लीतले सवंगडी यांच्या तोंडून मराठी ऐकते. ग्वाल्हेरच्या मुलाला उंबरठा ओलांडला की हिंदी लागते. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, दरबार संपला, आणि मराठीला फक्त घर उरले. पुढे वाडे गेले, कुटुंबे लहान झाली, आजी-आजोबा वेगळ्या गावी राहू लागले. तेव्हा ते घरही अपुरे पडू लागले.

भाषा अशी सरकते तेव्हा प्रतिभा नष्ट होत नाही, ती दुसऱ्या भाषेत जाते. गजानन माधव मुक्तिबोध ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूरला १९१७ मध्ये जन्मले. घरची भाषा मराठी; पण ते आधुनिक हिंदी कवितेचे आधारस्तंभ ठरले. त्यांचे सख्खे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील मान्यवर कवी आणि समीक्षक. प्रभाकर माचवे त्याच वर्षी ग्वाल्हेरला जन्मले आणि मुख्यतः हिंदीचे लेखक म्हणून ओळखले गेले. हिंदीने या लेखकांना आपले मानले याचा आम्हांला आनंदच आहे. मात्र त्या पिढीला मराठी येत होती आणि तरीही तिने हिंदी निवडली. आजच्या पिढीपुढे निवड करण्याइतकीही मराठी शिल्लक नाही. फरक आहे तो येथे.

आज ग्वाल्हेरच्या ज्या मराठी कुटुंबांशी आमचा परिचय आहे, त्यांच्या घरातील दहा-बारा वर्षांचे मूल साधारण असे असते: आजी मराठीत बोलली तर त्याला बहुतेक सारे समजते, उत्तर मात्र ते हिंदीत देते. त्याला 'जेवायला ये' कळते, पण 'मी थोड्या वेळाने येतो' हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. अशा मुलासाठी महाराष्ट्रातील हितचिंतक काय करतात? 'बालभारती'चे इयत्ता पहिलीचे पुस्तक पाठवितात. भावना चांगली आहे. उपाय मात्र नेमका उलटा आहे.

इयत्ता पहिलीचे पुस्तक ज्या मुलासाठी लिहिले जाते, ते सहा वर्षांचे मूल अस्खलित मराठी बोलत असते. दिवसाला पाचच तास भाषा कानावर पडते असे धरले, तरी शाळेत येईपर्यंत त्याने दहा हजार तासांहून अधिक मराठी ऐकलेली असते. त्याला येत नाही ते एवढेच, की आपण बोलतो ते कागदावर कसे उतरते. म्हणून ते पुस्तक अक्षरे शिकविते. ग्वाल्हेरच्या मुलाची स्थिती याच्या बरोबर विरुद्ध आहे. हिंदीमुळे देवनागरी त्याला पूर्ण येते. 'कमळ' हा शब्द ते पहिल्या दिवशी वाचते, फार तर 'ळ'पाशी अडखळते. त्याला अक्षर येते, वाक्य येत नाही. त्याच्यापुढे 'क'ला काना 'का' गिरविण्याचा धडा ठेवला की बारा वर्षांच्या मुलाला तो अपमान वाटतो, आणि दोन रविवारांनंतर ते येईनासे होते. मग मोठी माणसे म्हणतात, 'आजकालच्या मुलांना भाषेची गोडीच नाही.' गोडीचा येथे काही संबंध नाही. औषध दुसऱ्या रोग्याचे होते.

अभ्यासक्रम आखणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो: शिकणाऱ्याजवळ आधीच काय आहे, आणि काय नाही? मराठी मुलांचे या दृष्टीने निदान चार प्रकार होतात. महाराष्ट्रातील सहा वर्षांच्या मुलाजवळ बोली आहे, लिपी नाही. ग्वाल्हेरच्या मुलाजवळ लिपी आहे, बोली नाही. बेळगावात इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलाजवळ बोली ठणठणीत आहे, पण मराठी वाचण्या-लिहिण्याचा सराव नाही. वृत्तपत्राचा एक परिच्छेद वाचायला त्याला पाच मिनिटे लागतात. आणि अमेरिकेत जन्मलेल्या पुष्कळ मराठी मुलांजवळ बोलीही तुटपुंजी असते, लिपीही नसते. तंजावरच्या मराठी कुटुंबांनी तर तीन शतके घरात बोली टिकविली. अवतीभवतीची लिपी मात्र तमिळ. हे सारे मराठीचेच विद्यार्थी आहेत. सर्वांना एकच पुस्तक देणे म्हणजे चार वेगवेगळ्या दाव्यांत एकच कैफियत दाखल करणे होय.

मध्य प्रदेशातही सर्वत्र ग्वाल्हेर नाही. २०११ च्या जनगणनेत त्या राज्यात मराठी ही मातृभाषा सांगणारे बारा लाखांहून अधिक लोक आहेत. पांढुर्णा, सौंसर, बुऱ्हाणपूर या पट्ट्यात मराठी ही गावाची आणि शेताची भाषा आहे; तेथील मुलाची गरज आपल्या सीमाभागातील मुलासारखी आहे. एकाच राज्याच्या दोन टोकांना दोन अभ्यासक्रम लागतील. राज्यनिहाय 'योजना' आखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ग्वाल्हेरच्या मुलासाठी हिंदी ही शिडी आहे आणि सापळाही. शिडी यासाठी, की लिपी, संस्कृत शब्दसंपदा आणि वाक्यातील शब्दांचा साधारण क्रम त्याला आयता मिळतो. सापळा यासाठी, की साम्य पाहून मूल हिंदी वाक्यावर मराठी प्रत्यय चिकटवू लागते. हिंदीत 'मैंने' आहे म्हणून ते 'मीने केलं' म्हणते. हिंदीत 'घर को', 'घर में' म्हणताना 'घर' बदलत नाही. मराठीत 'घराला', 'घरात', 'पावसात', 'भावाला' असे सामान्यरूप करावे लागते. हिंदीला दोन लिंगे पुरतात, मराठीला तीन लागतात. 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी, आपल्याकडे नपुंसकलिंगी. हिंदीचे एक 'हम' मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दुभंगते, आणि कोणाला धरून बोलावे व कोणाला वगळून, हे मुलाला नव्याने शिकावे लागते. 'नाही', 'नको', 'नये', 'नव्हे' या चार नकारांतील भेद हिंदीच्या आधाराने कळत नाही. 'चार' या संख्येतला 'च' आणि गुरांच्या 'चाऱ्या'तला 'च' वेगळे आहेत, हे लिपी सांगत नाही. कानालाच शिकवावे लागते.

शिवाय ओळखीचे दिसणारे परके शब्द आहेतच. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. आमच्या व्यवसायात तिचा अर्थ वेगळा आणि तो ऐकून अशिलाचा चेहरा उतरतो. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामे, मराठीत खालच्या बाजूस. हिंदीत 'संसार' म्हणजे जग. मराठीत तो दोन खोल्यांतही मावतो. यांतील एकही गोष्ट पहिलीच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण पुण्याच्या किंवा सांगलीच्या मुलाला या अडचणी येतच नाहीत. ग्वाल्हेरसाठी पुस्तक करताना व्याकरणाचा क्रम या अडचणींवरूनच ठरला पाहिजे. जेथे हिंदी आणि मराठी एकसारख्या चालतात तेथे शिक्षकाने पाच मिनिटेही घालवू नयेत. जेथे वाटा फुटतात तेथे तीन-तीन रविवार थांबावे.

दुसरा प्रश्न वेळेचा. स्थानिक मंडळे चालवितात ते वर्ग बहुधा आठवड्यातून एकदा, दोन तासांचे असतात. सण, परीक्षा, सुट्ट्या वजा जाता वर्षाचे चाळीस आठवडे हाती लागतात. म्हणजे वर्षाचे ऐंशी तास. एकीकडे दहा हजार तास, दुसरीकडे ऐंशी. हा हिशेब मांडला की दोन गोष्टी आपोआप सिद्ध होतात. पहिली, या ऐंशी तासांत सर्व काही शिकविण्याचा मोह सोडावा लागेल. दुसरी, वर्गाचे खरे काम घरातील मराठीचे तास वाढविणे हे आहे; वर्गात पेरायचे ते घरी उगवेल असेच असले पाहिजे.

म्हणून आमची सूचना तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची आहे, आणि तिचा क्रम नेहमीच्या शाळेच्या उलट आहे. पहिले वर्ष केवळ बोलण्याचे. वर्षाअखेरीचे उद्दिष्ट एका वाक्यात सांगता यावे: घरातील वडीलधाऱ्या माणसाशी, हिंदीचा आधार न घेता, दहा मिनिटे बोलता येणे. दुसरे वर्ष वाचनाचे. लिपी येत असल्याने येथे प्रगती झपाट्याने होईल, आणि वर्षाअखेर मुलाने वृत्तपत्रातील बातमी वाचून ती स्वतःच्या शब्दांत सांगावी. तिसरे वर्ष लेखनाचे. एक पत्र, एक अर्ज, एक पानभर वृत्तांत. उद्दिष्ट असे मोजता येण्याजोगे असले तरच वर्ग यशस्वी झाला की नाही हे कळते. 'मुलांमध्ये मातृभाषेविषयी प्रेम निर्माण करणे' हे उद्दिष्ट उद्घाटनाच्या भाषणात शोभते; त्याची परीक्षा कोणी घेऊ शकत नाही.

बोलणे शिकवायचे कसे? याचे एक महत्त्वाचे उत्तर दक्षिण भारतातच सापडले आहे, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास परिसरातील शाळांत इंग्रजी शिकविण्याचा एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम आधी शिकवून मग वाक्ये करवून घेण्याऐवजी त्यांनी मुलांपुढे सोडविण्याची कामे ठेवली: नकाशावरून वाट काढा, रेल्वेच्या वेळापत्रकावरून प्रवास ठरवा. मन कामात गुंतले की भाषा त्याच्या ओघात शिकली जाते, हा त्यामागचा विचार. १९८७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि जगभरच्या भाषाशिक्षणात त्या प्रयोगाची दखल घेतली गेली.

ही रीत ग्वाल्हेरला सहज लागू पडते. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी असे करीत ग्वाल्हेरला पोहोचते आणि पुढे दिल्लीला जाते. तिचे वेळापत्रक वर्गात वाटावे आणि सांगावे: पुण्याची मावशी ग्वाल्हेरला येणार आहे, तिला फोन करून विचारा, ती कधी निघेल, किती वाजता पोहोचेल, सामान किती आहे, घ्यायला कोणी यावे. या एका कामात भविष्यकाळ येतो, प्रश्नवाचक शब्द येतात, 'ला' आणि 'हून' येतात, 'तू' आणि 'तुम्ही' यांचा विवेक येतो. दुसरे काम घरी करायचे: आजीला विचारून एका पदार्थाची कृती वर्गात सांगा. तिसरे शहराचे: आपल्या वस्तीच्या नावात मराठी काय दडले आहे, ते वडीलधाऱ्यांकडून शोधून आणा. अशा कामांनी वर्गातील दोन तास घरातील चार तास होतात. पहिल्या वर्षी पुस्तकाची गरज जवळजवळ नाही. शंभर उत्तम कामांची वही पुरेशी आहे.

येथे एक पथ्य सांगितले पाहिजे. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मराठीत हिंदीच्या सहवासाने काही वळणे आली आहेत. 'तो जाऊन राहिला आहे' असे वाक्य तेथे ऐकू येते. पुणेरी कान ते ऐकून हसतात. ज्या मुलाला हसण्याची भीती बसली ते मूल बोलणारच नाही, आणि न बोलणाऱ्याची भाषा कोणीही सुधारू शकत नाही. घरची मराठी हा वर्गाचा पाया मानावा. प्रमाणभाषा लेखनाच्या वर्षी, लेखनापुरती आणावी. सीमाभागातील आमच्या मराठीवरही कानडीची छाया आहे. ती आम्ही ओळख म्हणून मिरवितो, तर ग्वाल्हेरकरांनी का संकोचावे?

शिक्षकाविषयीही रूढ समजूत बदलावी लागेल. मराठी येणे आणि मराठी शिकविता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने ही भाषा आईच्या कुशीत घेतली, त्याला ती कोठे बोचते हे कळत नाही; 'घरला' का चूक आणि 'घराला' का बरोबर, असे विचारताच तो 'आपल्यात असंच म्हणतात' एवढेच सांगू शकतो. हिंदी घरातून आलेली आणि सासरी मराठी शिकलेली सून पुष्कळदा अधिक चांगली शिक्षिका होऊ शकेल, कारण ती त्या काटेरी वाटेने चालून आलेली असते. प्रत्येक मंडळाने अशा दोन-तीन व्यक्ती शोधाव्या, त्यांना दहा दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, आणि मानधन द्यावे. फुकट सेवेवर चालणारे वर्ग सेवाभाव आहे तोवरच चालतात.

हे सारे शून्यातून करावे लागेल असेही नाही. परभाषिकाला मराठी शिकविण्याची परंपरा जुनी आहे. विल्यम कॅरीने आपले मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरहून प्रसिद्ध केले, ते कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना ही भाषा शिकविण्याच्या कामातूनच. मराठीचे हे आरंभीचे छापील व्याकरण द्वितीय भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिले गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर १९६९ मध्ये म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले; त्याच्या पुण्यातील केंद्रात इतर राज्यांच्या शिक्षकांना मराठी शिकविली जाते. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली मराठीची व्याकरण-पाठ्यपुस्तके आजही मार्गदर्शक आहेत. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने अमराठी भाषकांसाठी 'मायमराठी' हा पाठ्यक्रम केला आहे. अडचण एवढीच, की यांतील बहुतेक साहित्य मराठीला सर्वस्वी परक्या असलेल्या प्रौढासाठी आहे. ग्वाल्हेरचे मूल परके नाही. त्याला भाषा अर्धी समजते, आणि त्या अर्ध्यापासून पुढे नेणारे साहित्य अजून कोणी केलेले नाही असेच आमचे मत आहे. ते करणे महाराष्ट्र शासनाच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी आंदोलन लागत नाही, एक समिती, दोन वर्षे आणि माफक निधी लागतो.

आता आमच्या क्षेत्रातील आक्षेपाकडे वळू. सीमाभागातील काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना 'द्वितीय भाषा' हा शब्दच खटकतो. मराठी आमच्या मुलांची द्वितीय भाषा आहे असे आपणच म्हटले, तर उद्या समोरचा पक्ष न्यायालयात तेच वाक्य आपल्या विरोधात वाचून दाखवील, अशी त्यांची भीती. भीती निराधार नाही. कर्नाटकात 'प्रथम भाषा' आणि 'द्वितीय भाषा' हे शालेय अभ्यासक्रमातील अधिकृत दर्जे आहेत, आणि २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने त्या दर्जांना कायद्याचे बळ दिले आहे. परंतु येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. मातृभाषा हा कायद्यातील दर्जा आहे. द्वितीय भाषा हे वर्गातील विद्यार्थ्याच्या स्थितीचे वर्णन आहे. पहिला गटाचा हक्क आहे, दुसरे मुलाचे निदान.

संविधानाचे शब्द पाहावेत. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्य गटातील मुलांसाठी प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी करण्यास सांगते. मूल त्या गटातले असावे, एवढीच अट आहे. त्याने भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी, अशी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ च्या कर्नाटकाविषयीच्या निकालात मुलाची मातृभाषा कोणती हे पालकाने ठरवायचे, असे स्पष्ट म्हटले. त्याच निकालाने शासनाला मातृभाषेचे माध्यम लादता येणार नाही असेही ठरविले, आणि त्याचे परिणाम आपल्या शाळांच्या पटावर दिसतच आहेत. परंतु मातृभाषेच्या व्याख्येचा जो भाग आपल्या उपयोगाचा आहे, तो आपण सोडू नये. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानुसार अल्पसंख्यत्व राज्यनिहाय ठरते. म्हणून मध्य प्रदेशातील मराठी समाजाला कलम २९ आणि ३० चे संरक्षण निःसंशय आहे. मूल अडखळत बोलते म्हणून त्याचा हक्क अडखळत नाही.

मात्र या हक्काची जुनी चौकट ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी अपुरी पडते, हेही मान्य केले पाहिजे. १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असतील तर मातृभाषेतून शिकविणारा शिक्षक द्यावा, असे सूत्र ठरविले. १९५६ च्या संरक्षणांत तेच पुढे चालू राहिले. हे सूत्र माध्यमाचे आहे. गणित आणि भूगोल मराठीतून शिकण्याची मागणी आज ग्वाल्हेरला कोणी करणार नाही, आणि केली तर वर्ग भरणार नाही. तेथील मागणी विषयाची असली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन भाषांपैकी दोन भारतीय असाव्यात असे आहे आणि निवड राज्ये व विद्यार्थी यांच्याकडे आहे. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या भाषांच्या यादीत मराठीचे नाव आहे. यादीतील त्या नावाला शिक्षक आणि योग्य पाठ्यपुस्तक मिळवून देणे, रविवारच्या वर्गाला शाळेच्या गुणपत्रकाशी जोडणे, ही ग्वाल्हेरच्या मंडळांची कायदेशीर लढाई होऊ शकते. ती जिंकण्यासाठी प्रथम हातात अभ्यासक्रम लागेल. अभ्यासक्रमाशिवाय केलेला अर्ज हा पुराव्याशिवाय केलेल्या दाव्यासारखा असतो.

हे सर्व आम्ही सीमाभागातील वाचकांपुढे का मांडतो? कारण मराठी माध्यमाच्या शाळांसाठी लढताना, ज्या मुलांनी ती शाळा सोडली त्यांची मोजदाद आम्ही करीत नाही. बेळगाव शहरात, निपाणीत, बिदर-भालकीकडे कितीतरी मराठी घरांतील मुले इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांच्या पालकांना दोष देऊन ती परत येणार नाहीत. त्यांची बोली आज शाबूत आहे. म्हणजे त्यांना ग्वाल्हेरचा अभ्यासक्रम नको, वाचन-लेखनाचा वेगळा अभ्यासक्रम हवा. बारा वर्षांच्या मुलाच्या वयाला शोभेल अशा मजकुराचा, वर्षभराचा, ऐंशी तासांचा. तो आज दिला नाही, तर या मुलांच्या मुलांना उद्या ग्वाल्हेरचा द्यावा लागेल. माध्यमाची लढाई आणि हा वर्ग यांत निवड करण्याचे कारण नाही. एकाच घरातील एक मूल मराठी शाळेत आणि दुसरे रविवारच्या वर्गात असू शकते.

मंडळांना, ग्रंथालयांना, युवक संघटनांना आमची विनंती म्हणून अगदी साधी आहे. जूनपूर्वी आपापल्या भागातील मराठी घरांत एक चार ओळींचा तक्ता न्यावा. मुलाला मराठी समजते का? बोलता येते का? वाचता येते का? लिहिता येते का? प्रत्येक प्रश्नापुढे 'होय', 'थोडे' किंवा 'नाही' अशी खूण करावी. शंभर घरांचे तक्ते जमले की आपल्या गावाला कोणता अभ्यासक्रम हवा, हे कोणत्याही तज्ज्ञाविना दिसू लागेल. पुस्तके त्यानंतर मागवावीत.